मुलाखत उमेदवाराची, कसोटी मालकाची

आमच्या प्रतिनिधीकडून

गोंदिया : वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची जाहिरात येते. ‘पाहिजेत : पर्यवेक्षक, हिशेबनीस, संगणक चालक. मूळ प्रमाणपत्रांसह थेट मुलाखतीस हजर राहावे.’ वेळ सकाळी अकराची. देवरीला रेल्वे नाही, म्हणून तिथला मुलगा पहिली एसटी पकडतो. सालेकसा आणि आमगावची मुले गाडीने येतात. अर्जुनी मोरगावची मुलगी भावाला सोबत घेऊन निघते. साडेदहापर्यंत कार्यालयाच्या पायरीवर पंचवीस-तीस जण जमतात. मालक येतात एक वाजता. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. गाव कोणते, वडील काय करतात, पगार किती घेणार, एवढे विचारून झाले की ‘कळवतो’ असे सांगून पाठवणी होते. पुढे कोणी काही कळवत नाही.

त्या तीसजणांतून एकाची निवड होते. तीन महिन्यांनी तो काम सोडून जातो, किंवा त्याला काम जमत नाही म्हणून काढावे लागते. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा गर्दी आणि ‘चांगली माणसे मिळत नाहीत’ ही जुनीच तक्रार. या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. मात्र चांगला माणूस त्या तीसजणांतच होता आणि तो ओळखता आला नाही, अशीही शक्यता असते. तिचा विचार फार थोडे मालक करतात.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १३ लाख २२ हजार आहे. तिरोड्याच्या ३,३०० मेगावॉटच्या औष्णिक वीज प्रकल्पासारख्या मोठ्या उद्योगाकडे भरतीसाठी स्वतंत्र विभाग असतो. भातगिरणी, खासगी रुग्णालय, शाळा, पतसंस्था, कापडाचे दुकान किंवा वाहन विक्री केंद्र यांच्याकडे तो नसतो. तेथे मालक किंवा संस्थाचालक स्वतःच मुलाखत घेतात आणि ती कशी घ्यावी हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. मुलाखत हीसुद्धा एक परीक्षा आहे आणि परीक्षेची तयारी परीक्षकालाही करावी लागते, ही साधी गोष्ट येथे निसटते. न्याय्य मुलाखत घेणे म्हणजे उमेदवारावर उपकार करणे, असा एक समज आहे. प्रत्यक्षात जी मुलाखत न्याय्य असते, तीच मालकालाही योग्य माणूस मिळवून देते.

दोन-तीन मिनिटांचा निवाडा

अशा घाईच्या मुलाखतींचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेला आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण ठेवलेले होते. नाकारल्या गेलेल्या विद्यार्थ्यांचे म्हणणे असे, की मुलाखत दोन-तीन मिनिटांत आटोपली आणि विचारले काय, तर आईवडील कोण व राहणार कुठले. सामान्यज्ञान, विषयाची समज, अभ्यासेतर गुण आणि व्यक्तिमत्त्व यांसाठी गुण राखून ठेवले होते. पण त्यांच्याशी संबंधित प्रश्न जवळपास नव्हतेच. ‘अजय हासिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल १३ नोव्हेंबर १९८० रोजी लागला. एकूण गुणांच्या एक तृतीयांश गुण मुलाखतीला देणे मनमानीचे आहे, असे न्यायालयाने ठरवले. अशा प्रवेशांसाठी १५ टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीला असू नयेत, असे मत दिले. मुलाखतीचे ध्वनिमुद्रण व्हावे, अशीही सूचना केली.

हा खटला प्रवेशाचा होता. नोकरीच्या बाबतीत न्यायालयाने थोडी वेगळी भूमिका घेतली. १९८१ च्या ‘लीलाधर’ खटल्यात राजस्थानच्या न्यायिक सेवेसाठी मुलाखतीला ठेवलेले २५ टक्के गुण न्यायालयाने मान्य केले. व्यक्तिमत्त्व घडलेल्या उमेदवारांची निवड करताना मुलाखतीला अधिक महत्त्व देता येते, असा त्यामागचा विचार होता. १९८५ च्या ‘अशोककुमार यादव’ खटल्यात हरियाणा लोकसेवा आयोगाने जागांच्या वीसपटींहून अधिक उमेदवार मुलाखतीला बोलावले होते. बोलावण्याची संख्या जागांच्या दुप्पट, फार तर तिप्पट असावी, असे न्यायालयाने त्या वेळी सांगितले. उमेदवार नात्यातला असेल, तर आयोगाच्या सदस्याने त्याच्या मुलाखतीच्या वेळी बाजूला व्हावे आणि त्याच्याविषयीच्या चर्चेतही भाग घेऊ नये, हे बंधनही घातले.

२००८ च्या ‘मंजुश्री’ खटल्यात आणखी एक तत्त्व स्पष्ट झाले. मुलाखती झाल्यानंतर त्यांच्यासाठी किमान गुणांची अट घालणे म्हणजे खेळ सुरू झाल्यावर नियम बदलणे आहे, आणि ते चालणार नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हेच तत्त्व पुन्हा उचलून धरले.

हे निवाडे सरकारी संस्थांना बांधील आहेत. भातगिरणीच्या मालकाला नाहीत. तरीही त्यांतून निघणारे चार नियम कोणत्याही कार्यालयात लागू पडतात. मोजकेच उमेदवार बोलवावेत. प्रश्न कामाशी संबंधित असावेत. नातेवाईक आला तर आपण उठावे. आणि नियम आधी ठरवून मग ते बदलू नयेत.

गावातले उदाहरण

मुलाखतीचे वजन किती असावे, हे जिल्ह्यातील गावांना पोलीस पाटलाच्या भरतीमुळे चांगले ठाऊक आहे. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमल्या जाणाऱ्या या पदासाठी उमेदवार दहावी उत्तीर्ण आणि त्याच गावचा रहिवासी असावा लागतो. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तोंडी परीक्षा २० गुणांची असते. एका गावातल्या एका जागेसाठी मोजके उमेदवार असतात आणि लेखी परीक्षेत त्यांच्यात एक-दोन गुणांचेच अंतर राहिले, तर निवड त्या २० गुणांवर ठरते. म्हणूनच अशा भरतीनंतर पारावर चर्चा रंगते ती लेखी परीक्षेची नव्हे, तोंडी परीक्षेची. तोंडी परीक्षेत कोणाला किती गुण मिळाले आणि ते कशासाठी, याची नोंद जितकी स्वच्छ, तितका संशय कमी.

केंद्र सरकारने तर खालच्या पदांसाठी मुलाखतच बंद केली. १५ ऑगस्ट २०१५ च्या भाषणात पंतप्रधानांनी हा विचार मांडला आणि १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, गट ‘ड’ आणि गट ‘ब’ मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती थांबल्या. कौशल्य चाचणी आणि शारीरिक चाचणी मात्र कायम राहिली. टंकलेखन येते की नाही हे टंकलेखन करवूनच कळते, हा त्यामागचा साधा हिशेब.

खासगी नोकरीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. तेथे लेखी परीक्षा नसते, चाचणी नसते. शंभरपैकी शंभर गुण मुलाखतीलाच. त्यामुळे मुलाखत घेणाऱ्याची जबाबदारी सरकारी मंडळापेक्षाही अधिक ठरते.

‘माणूस बघताच कळतो’

‘इतकी वर्षे धंद्यात आहे, माणूस दारातून आत आला की कळते,’ असे म्हणणारे मालक प्रत्येक बाजारपेठेत भेटतात. अनुभवाला किंमत असतेच. परंतु पहिल्या नजरेचा अंदाज फसवा असतो, हे शंभर वर्षांपूर्वीच लक्षात आले आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. ज्याची शरीरयष्टी चांगली, त्याला बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांतही चांगले गुण दिलेले आढळले. एका गुणाची छाप बाकी सगळ्यावर पडत होती. कडक इस्त्रीचा सदरा, सफाईदार इंग्रजी किंवा मोकळे हसू यांची छाप आजही तशीच पडते.

यावर उपाय काय, याचेही संशोधन झाले आहे. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या विषयावरील जुन्या अभ्यासांचा फेरहिशेब मांडला. निवडीच्या वेळचा अंदाज आणि नंतरचे प्रत्यक्ष काम यांचा मेळ शून्य ते एक अशा मोजपट्टीवर पाहिला, तर मनाला येईल तसे प्रश्न विचारलेल्या मुलाखतीचा मेळ ०.१९ भरला. प्रश्न आधी ठरवून, सर्वांना तेच विचारून आणि ठरलेल्या निकषांवर गुण देऊन घेतलेल्या मुलाखतीचा ०.४२ भरला. म्हणजे माणसे तीच, वेळही तितकाच. केवळ पद्धत बदलली तर अंदाज दुपटीहून अधिक खरा ठरतो. अर्थात ०.४२ म्हणजे एक नव्हे. उत्तम मुलाखतही चुकू शकते, हे भान ठेवले पाहिजे.

आडनाव, गाव आणि बोली

गोंदियासारख्या जिल्ह्यात आणखी एक अडचण असते. येथे सगळे सगळ्यांना ओळखतात. आडनाव ऐकले की जात कळते, गाव ऐकले की घराणे कळते आणि वडिलांचे नाव ऐकले की पक्षही कळतो. उमेदवाराने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्याविषयी अर्धे मत तयार झालेले असते.

हे केवळ छोट्या गावात घडते असे नाही. अमरावती जिल्ह्यातील मूळ रहिवासी असलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासोबत या प्रश्नाचा अभ्यास केला होता. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजी दैनिकांतील खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा होता. काही नावे उच्चवर्णीय हिंदू वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश दिसून आली. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यासही प्रसिद्ध झाला. ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारणे त्या अधिकाऱ्यांना अगदी स्वाभाविक वाटत होते. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कोणी नोकरीसाठी निघाला आहे, त्याच्याकडे या प्रश्नाचे ‘चांगले’ उत्तर नसते.

भाषेचेही तसेच. या भागात घरी कोणी झाडीबोली बोलतो, कोणी पोवारी, कोणी हिंदी, छत्तीसगढी वा गोंडी. प्रमाण मराठी किंवा इंग्रजी बोलताना असा उमेदवार अडखळला, की त्याला कमी समजते असा निष्कर्ष निघतो. दवाखान्याच्या स्वागतकक्षात बसणाऱ्याला चार भाषांत बोलता येणे हा कामाचा भाग आहे. तेथे ते जरूर तपासावे. किंबहुना पोवारी किंवा गोंडी येणे ही तेथे मोठी जमेची बाजू आहे. मात्र गिरणीतील यंत्र चालवणाऱ्याच्या इंग्रजीवर गुण कापण्यात काही अर्थ नाही.

जाहिरातीच्या आधीची तयारी

मुलाखतीची तयारी जाहिरातीपूर्वी सुरू होते. या माणसाला रोज नेमके काय करायचे आहे, याच्या पाच-सहा ओळी कागदावर लिहाव्यात. ‘होतकरू, मेहनती, प्रामाणिक’ असे शब्द टाळावेत. ते सर्वच जण स्वतःला लावतात. ‘रोजची आवक-जावक नोंदवणे, पंधरा हमालांची पाळी लावणे, हंगामात रात्री थांबणे’ असे लिहिले, की काम डोळ्यांपुढे उभे राहते. त्यातून कोणत्या चार-पाच गोष्टी तपासायच्या हेही ठरते.

पगाराची मर्यादा, कामाची वेळ, पाळी आणि साप्ताहिक सुटी जाहिरातीतच द्यावी. पगार लपवला तर ज्यांना तो परवडणार नाही, तेही बसभाडे खर्चून येतात आणि दोघांचाही दिवस वाया जातो. अर्ज आधी मागवावेत, फोनवर पाच मिनिटे बोलून खात्री करावी आणि एका जागेसाठी तिघांनाच बोलवावे. प्रत्येकाला वेगळी वेळ द्यावी. बाहेरगावच्या उमेदवाराला वेळ देताना एसटी आणि गाडीचे वेळापत्रक लक्षात घ्यावे. मुलाखत घेणारे किमान दोघे असावेत, त्यांतील एक प्रत्यक्ष ते काम जाणणारा असावा. महिला उमेदवार असतील तर मंडळात एक महिला असणे इष्ट. फोन बंद ठेवावा आणि मध्येच येणाऱ्या ग्राहकांसाठी दुसरी सोय करावी.

करून दाखवा

काम येते का, हे कळण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे कामाचा एक तुकडा करून घेणे. समजा, सरकारी धानाची भरडाई करणाऱ्या गिरणीला पर्यवेक्षक हवा आहे. सरकारी भरडाईत १०० किलो धानामागे ६७ किलो अरवा किंवा ६८ किलो उसना तांदूळ जमा करावा लागतो. उमेदवारापुढे नोंदवही ठेवून विचारावे : ४५० क्विंटल धान उचलला, अरवा तांदूळ किती जमा करायचा? उत्तर ३०१.५ क्विंटल. मग धानाचा नमुना आणि ओलावा मोजण्याचे यंत्र हाती द्यावे. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे. यंत्राने १९ दाखवले तर तो काय करील, कोणाला सांगेल, नोंद कशी ठेवील? या दहा मिनिटांत त्याचे गणित, हाताची सवय आणि प्रामाणिकपणा या तिन्हींचा अंदाज येतो.

हिशेबनीस हवा असेल, तर दहा बिलांचा गठ्ठा द्यावा आणि त्यांतील दोन चुकीची बिले शोधायला सांगावीत. रुग्णालयात परिचारिका हवी असेल, तर औषधचिठ्ठी देऊन औषधाची मात्रा आणि वेळ नोंदपत्रकात भरून घ्यावी. शाळेत शिक्षक हवा असेल, तर खऱ्या वर्गावर दहा मिनिटे शिकवू द्यावे. राज्यातील अनुदानित शाळांच्या शिक्षकभरतीसाठी आणलेल्या ‘पवित्र’ प्रणालीत संस्थांना मुलाखतीसह किंवा मुलाखतीविना असे दोन पर्याय आहेत. मुलाखतीचा पर्याय घेणाऱ्या संस्थेने उमेदवाराचे शिकवणे पाहिलेच नाही, तर त्या मुलाखतीला काय अर्थ उरतो? एक पथ्य मात्र पाळावे. चाचणी छोटी असावी आणि तिच्या नावाखाली फुकट काम करून घेऊ नये.

त्यानंतर तीन-चार प्रश्न, सर्वांना तेच आणि त्याच क्रमाने. प्रश्न घडलेल्या किंवा घडू शकणाऱ्या प्रसंगावर असावेत. ‘रागावर ताबा आहे का?’ असे विचारले तर ‘आहे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी ‘ग्राहकाने किंवा साहेबाने चारचौघांत अपमान केला असा प्रसंग सांगा, आणि तुम्ही तेव्हा काय केले?’ असे विचारावे. अनुभव नसलेल्या उमेदवारासाठी काल्पनिक प्रसंग घ्यावा. ‘रात्री दोन वाजता रुग्णाचा रक्तदाब घसरला आहे, डॉक्टर घरी आहेत. आधी काय कराल?’ उत्तर अर्धवट आले तर ‘मग पुढे?’ असे विचारून त्याला बोलते करावे. शेवटी पाच मिनिटे उमेदवाराच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावीत. पाळी, सुटी, पगाराची तारीख यांविषयी तो जे विचारतो, त्यातून त्याला काम कितपत कळले हेही समजते.

हे विचारू नये

लग्न कधी करणार, मूल कधी होणार, सासरचे परवानगी देतील का, हे प्रश्न मुलींना सर्रास विचारले जातात आणि मुलांना कधीच विचारले जात नाहीत. काम आणि पात्रता तीच असताना भरतीत लिंगावरून भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्यानेच मनाई केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही ती मनाई कायम आहे. रात्रपाळी असेल तर ‘रात्रपाळी आहे, जमेल का?’ हा प्रश्न मुलगा आणि मुलगी दोघांनाही विचारावा. रात्रीच्या प्रवासाची काय सोय करणार, हे मालकाने स्वतःहून सांगावे.

जात, धर्म, कोणाला मत दिले, घरी कोण आजारी आहे यांचा कामाशी संबंध नाही. नोकरीपूर्वी एचआयव्ही चाचणीची सक्ती करता येत नाही. २०१७ च्या कायद्याने त्यास बंदी आहे. तृतीयपंथी व्यक्तींना भरतीत भेदभावापासून २०१९ च्या कायद्याने संरक्षण दिले आहे. अपंग उमेदवार आला, तर त्याच्या अपंगत्वाची कथा विचारण्यापेक्षा ‘हे काम करण्यासाठी काही सोय लागेल का?’ एवढे विचारणे पुरेसे असते. मुलाखत वरच्या मजल्यावर असेल, तर त्याच्यासाठी ती खाली घ्यावी.

गुण आधी, चर्चा नंतर

मुलाखत संपताच दोन्ही परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता आपापले गुण लिहावेत. आधी चर्चा केली तर मालकाचे मत तेच सर्वांचे मत होते. पगार देणाऱ्याच्या विरोधात बोलण्याचे धाडस मुनीम सहसा करत नाही. प्रत्यक्ष कामाला ४०, प्रसंगावरील प्रश्नांना ४०, पूर्वीच्या ठिकाणची चौकशी आणि कागदपत्रे यांना २० अशी विभागणी छोट्या कार्यालयाला पुरते. चांगले उत्तर कोणते, मध्यम कोणते आणि कच्चे कोणते, हे आधीच लिहून ठेवावे. प्रत्येक गुणापुढे एक ओळीचे कारण असावे. गुणांत मोठी तफावत आली, तर त्या मुद्द्यावर बोलावे. तिसरा उमेदवार होईपर्यंत पहिल्याचा चेहरा पुसट होतो. लिहिलेले मात्र राहते.

ओळखीचे काय?

येथे मालकांचा एक आक्षेप प्रामाणिक आहे. गल्ल्यावर बसवायचा माणूस अनोळखी कसा चालेल? ओळखीच्या माणसाची कोणीतरी हमी घेतो, त्याने काही गैर केले तर विचारायला जागा असते. छोट्या व्यवसायात या विश्वासाला मोल आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

अडचण होते ती ओळख हीच पात्रता ठरते तेव्हा. आपल्याच माणसांतून निवड केली, की शोधाचे क्षेत्र एका घराण्यापुरते, एका समाजापुरते किंवा एका पक्षापुरते उरते. पुढे तो माणूस काम करेनासा झाला, तर त्याला बोलताही येत नाही, कारण मध्ये मामा असतो. यावर मधला मार्ग आहे. ओळखीने अर्ज येऊ द्यावा, निवड गुणांवर व्हावी. शिफारस करणाऱ्याला ‘चांगला आहे का?’ असे न विचारता ‘तुम्ही त्याचे कोणते काम स्वतः पाहिले आहे?’ असे विचारावे. अनोळखी उमेदवाराच्या विश्वासाची खात्री त्याच्या पूर्वीच्या मालकाकडून किंवा शिक्षकाकडून करून घेता येते. आणि उमेदवार आपल्याच नात्यातला असेल, तर त्या अर्ध्या तासापुरते मालकाने खोलीबाहेर थांबावे. सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या सदस्यांना सांगितलेला नियम भातगिरणीतही तितकाच शोभून दिसतो.

निकाल कळवा

निवड न झालेल्याला कळवणे ही या प्रक्रियेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक टाळली जाणारी गोष्ट आहे. आठ दिवसांत दोन ओळींचा संदेश पाठवला, की तो मुलगा दुसरीकडे मोकळ्या मनाने प्रयत्न करू शकतो. न कळवल्यास तो पंधरा दिवस फोनकडे पाहत राहतो आणि नागपूरला आलेली दुसरी संधीही सोडतो. निवड झालेल्याला पगार, काम आणि परीक्षण कालावधी लिहून द्यावा. मूळ प्रमाणपत्रे पाहून लगेच परत करावीत. ती अडकवून ठेवणे किंवा अनामत रक्कम मागणे म्हणजे नोकरीची सुरुवातच अविश्वासाने करणे. नाकारलेल्यांच्या आधार कार्डाच्या आणि गुणपत्रिकांच्या प्रती कार्यालयात पडून राहू नयेत, त्या नष्ट कराव्यात.

या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, असे कोणी विचारील. तीन उमेदवार, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे दीड तास. आदल्या दिवशी प्रश्न काढायला एक तास धरला, तरी अडीच तासांत काम होते. तीस जणांना दोन-दोन मिनिटे देण्यातही तासभर जातोच. शिवाय चुकीच्या निवडीमुळे हंगामात बिघडलेली पाळी आणि पुन्हा द्यावी लागणारी जाहिरात यांचा खर्च वेगळा.

पायरीवर बसलेल्या त्या तीसजणांचे काय होते, याचाही विचार व्हायला हवा. ज्याला नीट विचारून नाकारले, तो ‘मला ते जमले नाही’ असे म्हणतो आणि शिकतो. ज्याला गाव आणि वडील विचारून परत पाठवले, तो ‘येथे आपले काही चालत नाही’ असे म्हणून गाडीत बसतो. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरील मोठे जंक्शन आहे आणि बाहेर नेणाऱ्या गाड्यांची येथे कमतरता नाही. जिल्ह्यातला चांगला माणूस जिल्ह्यात राहावा असे वाटत असेल, तर आधी त्याला समोरच्या खुर्चीवर बसवून कामाचे चार प्रश्न विचारले पाहिजेत.